साडूंच्या दोन रेघा

आमच्या साडूंइतका बरोबर असलेला माणूस मी जालना जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि बरोबर असण्याचा इतका कमी उपयोग झालेला माणूसही दुसरा पाहिला नाही. आपण सगळेच अधूनमधून बरोबर असतो. पण आपण ते लपवतो, निदान समोरच्याचा चहा संपेपर्यंत तरी थांबतो. साडूंना ही सवय कधीच लागली नाही. बरोबर असणं हा गुण आहे असं शाळेत शिकवतात. नोकरीत, धंद्यात आणि विशेषतः सासुरवाडीत ते एक दुखणं असतं, आणि ते दुखणं साडूंना जन्मापासून होतं. आमच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवाळसणाला जावयाचं कौतुक करत पाहुण्यांना सांगितलं, "हे रेडिओ दुरुस्त करतात." साडूंनी ओवाळून घेतल्या घेतल्या, कपाळावरचं कुंकू ओलं असतानाच, त्यांना रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन यांतला फरक समजावून सांगितला. सासरे शेवटपर्यंत त्यांना रेडिओवालेच म्हणत राहिले. तो त्यांचा सूड होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. शिकलेले इंजिनियर. पुण्यात चांगली नोकरी होती, पण साहेबाच्या चुका साहेबाच्याच साहेबासमोर दाखवायची हौस असल्यामुळे ती फार दिवस चांगली राहिली नाही. मग ते जालन्याला परत आले आणि नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका बियाणे कंपनीचं ऑफिस आणि एक टायरचं दुकान यांच्या मधे एक गाळा घेऊन बसले. बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या मशिनींना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ते बनवायचे. मी त्याच भागातल्या एका बँकेत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या गाळ्यावर जायचो, डबा उघडायचो, आणि पहिला घास तोंडात जाण्याआधी ते मला स्कोपवरच्या दोन रेघा दाखवायचे.

स्कोप म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं यंत्र. साडूंच्या घरात टीव्ही नव्हता, पण स्कोपवर ताईंनी विणलेला रुमाल घातलेला असायचा. गाळ्यातली धूळ वाढली की स्कोप घरी यायचा, आणि आल्यागेल्याला पोह्यांबरोबर त्या दोन रेघा पाहाव्या लागायच्या. एक वरची, एक खालची. दोन्ही एकाच क्षणी उसळी घेतात की नाही, एवढंच पाहायचं. पाहुणे मान डोलवायचे. साडू विचारायचे, "काय दिसलं?" पाहुणे म्हणायचे, "रेघा." की झालं, पोहे गार व्हायचे. ताई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर लोकं बायकोला माथेरान दाखवतात. मला ह्यांनी त्या दोन रेघा दाखवल्या. आणि वर इचारलं, सांग कोणती मागं हाये. मी म्हणलं, मी."

त्या रेघांचं प्रकरण मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय, की आता मीही सांगू शकतो. पाकिटं भरणाऱ्या मशीनचे जुने भाग पाच व्होल्टवर चालतात, नवा मेंदू तीन पॉइंट तीन व्होल्टवर चालतो, आणि दाराबिराचे सेन्सर चोवीसवर. यांना एकमेकांशी थेट जोडलं तर बोलणं राहिलं बाजूला, मेंदूच जळतो. म्हणून मधे लेव्हल शिफ्टर नावाची एक चिप बसवतात. ती एका पातळीचा सिग्नल दुसऱ्या पातळीवर नेते. पण नेताना त्याला थोडा उशीर होतो, डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढा. या उशिराबद्दल साडूंची काही तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की एकाच कामाच्या तारा असतील तर त्या सगळ्या एकाच चिपमधून जाऊ द्या, म्हणजे सगळ्यांना सारखाच उशीर होईल. एक तार चांगल्या चिपमधून आणि दुसरी कुठल्यातरी जुगाडातून नेली, तर एक आधी पोचणार आणि दुसरी नंतर, आणि मेंदू भलतंच ऐकणार.

हाच नियम ते संसारालाही लावायचे. ते स्वतः कुठंच वेळेवर यायचे नाहीत, पण ताईंनी आधी पोचलेलं त्यांना चालायचं नाही. "वेळ चुकली तरी हरकत न्हाई, दोघांची बराबर सारखीच चुकली पाहिजे," असं ते म्हणायचे. त्यामुळे बारशाला, मुंजीला, मयतीला, दोघं सारख्याच उशिरानं हजर. शहागडला हायवेलगतच्या एका कार्यालयात आमच्या चुलतमेहुणीचं लग्न होतं. मांडव लांबलचक. समोरचा स्पीकर वायरीचा आणि मागचा बिनवायरीचा, त्यामुळे मागच्या लोकांना "सावधान" क्षणभर उशिरा ऐकू येत होतं आणि त्यांच्या अक्षता उशिरा पडत होत्या. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला साडू उठले, स्टेजवर चढले, भटजींच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "मागच्या लोकांनी ऐकून अक्षता टाकू नयेत. समोर बघून टाकाव्यात." भटजी थांबले. भटजी थांबले म्हणजे लग्न लागलं, असं समजून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणून मामांनी अंतरपाट सोडला. नवरानवरी गोंधळून एकमेकांकडे पाहत राहिली. मुलीचे वडील कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. परतीच्या वाटेवर साडू मला म्हणाले, "बघितलं? एक सिग्नल चुकीच्या टायमाला गेला, की पुढचं सगळं चुकतं." तो चुकीचा सिग्नल आपणच होतो हे त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

एका वाक्याचा त्यांना विलक्षण राग होता. ते वाक्य म्हणजे "चालून राह्यलं ना?" जालन्यात दिवसातून शंभरदा हे वाक्य ऐकू येतं. मोटार, सरकार, लग्न, काहीही असो, चालून राह्यलं ना, मंग झालं. साडूंच्या मते या वाक्यानं या गावाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दुष्काळानंही केलं नाही. त्यांचा सख्खा चुलतभाऊ एकदा घरच्या इन्व्हर्टरबद्दल असं म्हणाला, तर साडूंनी त्याच्याकडे जाणं सोडलं. "चालणं आणि बराबर चालणं यात फरक हाये की न्हाई?" ते मला विचारायचे. मी म्हणायचो, हाये. "मंग सांगा काय फरक हाये." मी डबा बंद करून बँकेत परत जायचो.

तर अशा या माणसाला एक मालक भेटला. औद्योगिक वसाहतीत त्याचा बियाणं भरायचा प्लांट होता. माणूस गोड बोलायचा. साडूंनी त्याच्या एका मशीनला बोर्ड करून दिला आणि ते मशीन असं चाललं, की मालक येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवायला न्यायचा. साडूंना तो इंजिनियरसाहेब म्हणायचा. साडूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रेडिओवाले म्हणत नव्हतं. ते खुलले. त्या महिन्यात त्यांनी मला दोन रेघा दाखवल्याच नाहीत, नुसतेच बसून हसायचे.

पुढच्या हंगामाआधी मालकाला आणखी मशिनींसाठी तसेच बोर्ड हवे होते. नेमकी त्या वेळी ती लेव्हल शिफ्टरची चिप बाजारात मिळेना. साडू म्हणाले, थांबा. मालक म्हणाला, हंगाम थांबत न्हाई. साडू म्हणाले, मंग बोर्ड मिळणार न्हाई. मालकानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं साडूंचाच बोर्ड दुसऱ्या कुणाकडे नेला आणि बाजारात जे मिळालं ते बसवून त्याच्या नकला करून घेतल्या. काही तारा चांगल्या चिपमधून गेल्या, उरलेल्या सुट्या ट्रान्झिस्टरमधून. हिवाळ्यात मशिनी बसल्या आणि चालल्या. साडू एकदा दुसऱ्या कामासाठी प्लांटवर गेल्ते, तेव्हा त्यांनी सहज एका पॅनेलचं झाकण उघडलं आणि आपल्या बोर्डाची ती नक्कल पाहिली. मग त्यांनी सगळ्या कामगारांसमोर मालकाला झापलं.

"हे मशीन उन्हाळ्यात खोटं बोलणार. इथं पत्र्याखाली भट्टी होते. ह्या ट्रान्झिस्टरची तार मागं पडणार आणि दार उघडं असलं तरी मेंदू बंद समजणार. बंद करा हे."

मालक हसून म्हणाला, "साहेब, चालून राह्यलं ना?"

साडू तिथून पायी घरी आले. त्यांची स्कूटर प्लांटवरच राहिली. ती दुसऱ्या दिवशी मला जाऊन आणावी लागली.

अपघात मे महिन्यात झाला. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईची सुमन नावाची एक बाई त्या प्लांटवर पाकिटं भरायच्या कामाला होती. पाकीट अडकलं म्हणून तिनं झाकणाचं दार उघडलं आणि हात घातला. सगळ्या बाया तसंच करायच्या, कारण दार उघडलं की मशीन थांबतं असं त्यांना शिकवलं होतं. मशीन थांबलं नाही. पाकिटाचं तोंड चिकटवणारा गरम जबडा खाली आला आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बातमी गावभर झाली आणि लोकांनी मशीनवाला इंजिनियर म्हणून साडूंचं नाव घेतलं. साडू त्या दिवशी गाळ्यावर आले नाहीत. मी घरी गेलो तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताई म्हणाल्या, "सकाळपासून पाणी घेतलं न्हाई. मी म्हणलं, बोर्ड तुमचा न्हाई ना, मंग तुम्ही कशाला झुरता? तर म्हणले, नक्कल माझीच हाये."

मालक त्याच आठवड्यात गाळ्यावर आला. मी होतो तिथं. आवाज तसाच गोड. कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला येणार होता. साडूंनी त्याला एवढंच सांगायचं होतं, की दार उघडलं की मशीन थांबतंच, तशी डिझाइन आहे. म्हणजे बाईनं दाराचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं असणार, हे आपोआप सिद्ध होईल.

"तुमचीच इज्जत वाचून राह्यली साहेब," मालक म्हणाला. "मशीन खराब ठरलं तर लोक कोणाचं नाव घेतील? नक्कल कोणी केली हे कोणाला माहीत हाये?"

"माझी डिझाइन बराबर हाये," साडू म्हणाले. "तुमचा बोर्ड चोरीचा हाये, आणि तुम्ही आता त्या बाईच्या माथी खोटं मारून राह्यले. उठा."

मालक उठला. दारात थांबून माझ्याकडे वळला. "बँकेतले ना तुम्ही? समजवा यांना. गावात ऱ्हायचंय." मी काही समजावलं नाही. एक तर मला ते पटलं नव्हतं. आणि साडूंना समजावणं म्हणजे काय असतं ते मालकाला माहीत नव्हतं.

चौकशीच्या दिवशी मी रजा टाकली. साडूंनी स्कूटर चालवली आणि मी मागे स्कोप मांडीवर धरून बसलो, ताईंच्या रुमालासकट. प्लांटवर पोचलो तर त्या मशीनच्या शेजारी एक मोठा कूलर लावलेला. अधिकाऱ्यांसाठी, मालक म्हणाला. कूलरचं तोंड मात्र अधिकाऱ्यांच्या खुर्चीकडे नव्हतं, मशीनच्या पॅनेलकडे होतं. अधिकारी आले, मशीन चालू झालं, साडूंनी दार उघडलं. मशीन थांबलं. पुन्हा उघडलं. पुन्हा थांबलं. मालक नुसता हात बांधून उभा राहिला.

"कूलर बंद करा," साडू म्हणाले.

"का?" अधिकारी म्हणाले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"हा तुमच्यासाठी न्हाई लावलेला. मशीनसाठी लावलाय."

कूलर बंद झाला. शेड तापायला वेळ लागणार होता. तेवढ्यात साडूंनी स्कोप जोडला आणि अधिकाऱ्यांना दोन रेघा दाखवायला घेतल्या. आता साडूंच्या जागी मी असतो तर अधिकाऱ्यांना शाळेतल्या हजेरीचं उदाहरण दिलं असतं. माझ्या मुलीनं एकदा हट्टच धरला, तेव्हा साडूंनी ते तिला सांगितलं होतं: गुरुजी हजेरी घेताहेत, मागच्या बाकावरचा पोरगा "हजर" म्हणायला उशीर करतो, तोवर गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असतात, आणि जो पोरगा शाळेत आलाच नाही त्याच्या नावापुढं हजेरी लागते. मशीन असंच सेन्सरना ओळीनं विचारतं, आणि उत्तराची तार मागे पडली की दाराच्या प्रश्नाला शेजारच्याचं उत्तर ऐकतं. पोरीला मिनिटात कळलं. पण साडूंनी अधिकाऱ्यांना ते सांगितलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "ते उदाहरण अंदाजे हाये. सरकारी माणसाला अंदाजे सांगायचं का?" म्हणून त्यांनी तंतोतंत सांगितलं. क्लॉक, डेटा, चढणारी कड, उतरणारी कड. अधिकाऱ्यांनी खिशातून फोन काढला.

"साहेब, फोन ठेवा खाली," साडू म्हणाले. "बाईची बोटं गेलीत. रेघा बघा."

अधिकाऱ्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. मालकानंही पाहिला. तो पुढं होऊन अदबीनं म्हणाला, "साहेब, जेवण तयार आहे. गरम गरम घेऊन टाका, मंग पुन्हा बघू." अधिकारी उठून ऑफिसात गेले.

आम्ही शेडमध्येच थांबलो. पत्रा तापत गेला. ऑपरेटर, साडू आणि मी, तिघंही घामानं निथळत होतो. साडू मधूनमधून दार उघडत आणि मशीन थांबत होतं. मग एकदा दार उघडलं आणि जबडा खालीवर होतच राहिला. खालच्या रेघेनं वरच्या रेघेच्या मागून उसळी घेतली. एवढी वर्षं पाहून मला पहिल्यांदाच स्वतःहून दिसली. मी फोनवर त्याचं चित्रण केलं. साडू धावत ऑफिसात गेले, मी त्यांच्या मागे.

अधिकारी हात धूत होते. त्यांनी टॉवेलला हात पुसत माझ्या फोनवर सगळं पाहिलं, खरं सांगायचं तर नीट पाहिलं. मालक खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा, यांच्या वायरी जोडलेल्या हायेत मशीनला. वायरी जोडल्यावर मशीन बिघडणारच की."

अधिकारी साडूंकडे वळले. "तुमच्या या वायरी जोडल्यानं फरक पडू शकतो का?"

त्या क्षणी "नाही" म्हणायला काहीही लागत नव्हतं. मी म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं. साडू म्हणाले, "किंचित पडतो. पण..."

त्या "पण"च्या पुढं ते बरंच बोलले. वायरींचा तो परिणाम किती क्षुल्लक, वायरी काढून पुन्हा करून दाखवतो, आत्ता दाखवतो, पाच मिनिटं चला. पण अधिकाऱ्यांनी तोवर त्यांना हवं होतं ते ऐकलं होतं. त्यांना पुढं आणखी एका ठिकाणी जायचं होतं. आम्ही शेडमध्ये परत आलो, तर मशीनची वीज बंद केलेली, आणि ऑपरेटर घरी गेलेला. यंत्रात दोष आढळला नाही, असा निष्कर्ष नंतर कागदावर आला. त्या दिवशी घरी येताना मी स्कोप मांडीवर घेऊन बसलो होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा साडू म्हणाले, "खोटं कसं सांगणार होतो? पडतो फरक."

साडूंनी वकील गाठला. वकील म्हणाला, बाई ठाम राहिली तर लढता येईल. म्हणून आम्ही बसनं पिंपळगावला गेलो. ती गावी परतली होती. अंगणात तिच्या सासूनं खाट टाकली आणि चहा ठेवला. सुमनबाई उजवा हात पदराखाली घेऊन समोर बसली. साडूंनी तिला हजेरीचं उदाहरण दिलं, अंदाजे असूनही. ती लक्ष देऊन ऐकत होती. तुझी काही चूक नव्हती, दार उघडं होतं, मशीननंच चुकीचं ऐकलं, हे त्यांनी परत परत सांगितलं.

"म्हाईत हाय मला, दार उघडं व्हतं," ती म्हणाली. "म्या सोता उघडलं व्हतं."

मग तिनं सांगितलं, की कंपनीची माणसं येऊन गेल्ती. त्यांनी थोडंफार दिलं आणि 'माझ्याच चुकीनं झालं' अशा कागदावर सही घेतली. सही डाव्या हातानं केली.

साडू खाटेवरून उठलेच. त्यांचा आवाज चढला. "सही केली? खोट्यावर सही केली? तुझी चूक नसताना? मी सगळ्या गावाशी भांडून राह्यलो, आणि तू..." सासू चहाची कपबशी घेऊन दारातच थबकली. मी त्यांचा दंड धरला.

सुमनबाईचा आवाज चढला नाही. "साहेब," ती म्हणाली, "केस जितलो असतो तर तुमचं खरं ठरलं असतं. माझी बोटं न्हाई आली असती."

साडू खाली बसले, सासूच्या हातून कप घेतला, आणि तिनं आग्रह न करताच बशीत ओतून पूर्ण चहा प्यायले. निघताना त्यांनी सुमनबाईला हात जोडले. तिला परत जोडता येईना, म्हणून तिनं मान लववली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. प्लांटवाल्यांचं एकमेकांशी कितीही वैर असो, एका बाबतीत त्यांची एकी असते. साडूंना काम देणं सगळ्यांनी बंद केलं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फोन यायचे थांबले, एवढंच. नातेवाईक मात्र भरपूर बोलले. मालकाचं ऐकलं असतं तर आज जालन्यात बंगला असता, असं म्हणणारे आमच्याच घरातले होते. ज्या चुलतभावाकडं जाणं साडूंनी सोडलं होतं, तो स्वतःहून घरी आला आणि म्हणाला, "दादा, जगाला असं चालत न्हाई." साडूंनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. ते ऐकून घेताहेत हे पाहून ताई आत जाऊन रडल्या. पुढं साडूंनी गाळा सोडला आणि पुण्यात एका कंपनीत लागले. गाडीतल्या बोर्डांचं काम आहे. हाताखालची मुलं हुशार आहेत, म्हणे, आणि ते कुणाला रागावत नाहीत. मला ते ऐकून बरं वाटायला हवं.

गेल्या वर्षी आमच्या बँकेत त्या प्लांटचा एक फोरमन आला होता. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की त्याच उन्हाळ्यात, निष्कर्षाचा कागद हातात पडल्यावर, मालकानं गुपचूप सगळ्या मशिनींचे बोर्ड बदलून घेतले. सगळ्या तारा एकाच चिपमधून. साडूंनी काढलेल्या नकाशाबरहुकूम. मी साडूंना फोन लावला. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान एकदा तरी "बघा" म्हणतील.

"सगळ्या मशिनींना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

साडू म्हणाले, "त्या बाईला सांगू नका."

यंदा चैत्रात बायकोला रेणुकेची ओटी भरायची होती म्हणून पिंपळगावला गेलो. देवळाच्या वाटेवर सुमनबाई नारळ आणि खण घेऊन बसली होती. तिनं मला ओळखलं. साहेब कसे हेत विचारलं. बरे आहेत म्हटलं.

"आमच्या गल्लीतल्या दोन पोरी लागल्यात तिथं कामाला," ती म्हणाली. "ती मशीन तशीच हाये का वो?"

साडूंनी सांगू नका म्हटलं होतं. पण तिनं विचारलं होतं, आणि पोरी तिथं कामाला होत्या. मी म्हणालो, "न्हाई. बदललं त्यांनी सगळं. आता दार उघडलं की थांबते."

समोरून एक गिऱ्हाईक आलं, काही न घेता गेलं. "साहेबाचं ऐकलं म्हणायचं मंग," ती म्हणाली, आणि मी घेतलेला नारळ पिशवीत घालून पिशवीला गाठ मारायला लागली. वेळ लागला. मी हात पुढं केला तर तिनं पिशवी बाजूला घेतली आणि गाठ स्वतःच मारली.

बायको ओटी भरून येईपर्यंत मी झाडाखाली उभं राहून साडूंना फोन केला. सुमनबाई भेटली, तुमची चौकशी करत होती, म्हणालो. सांगितलं का, त्यांनी विचारलं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं, मी म्हणालो. ते रागावले नाहीत.

"हात कसा हाये तिचा?"

"आत्ता माझ्या पिशवीला गाठ मारली तिनं."

"कोणत्या हातानं?"

"त्याच."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.